सुरी-कोयत्याच्या मुठीवरचा चिकटा सुरक्षितपणे कसा काढावा

कोकणातल्या घरात धारेची हत्यारे रोज हाताळली जातात. मासळी साफ करायची सुरी, नारळ-सुपारीच्या बागेतला कोयता, फणस फोडायचा मोठा सुरा यांच्या धारेकडे आपण नीट लक्ष देतो, पण मुठीकडे सहसा कोणी पाहत नाही. नव्या सुरीवरचे लेबल अर्धवट निघते आणि त्याचा गोंद तसाच राहतो. पकड घट्ट व्हावी म्हणून गुंडाळलेली काळी इन्सुलेशन टेप उन्हाळ्यात वितळल्यासारखी होते, सैल झालेली मूठ फेव्हिक्विक घालून बसवताना तो बाहेर ओघळून कडक होतो आणि फणसाच्या दिवसांत तर चीक सगळीकडेच लागतो. अशा मुठीला माशाचे खवले, मीठ, धूळ आणि चरबी चिकटते, तिला वास धरतो आणि तिची पकड एका जागी चिकट तर दुसऱ्या जागी निसरडी होते. पकड एकसारखी नसलेली सुरी बोथट सुरीइतकीच धोकादायक असते, कारण हाताने जोर लावला की ती नेमकी कुठे घसरेल याचा अंदाज येत नाही.

म्हणून मुठीवरचा चिकटा काढणे हे केवळ स्वच्छतेचे काम नाही. ते करताना दोन गोष्टी सतत ध्यानात ठेवाव्या लागतात. साफसफाई चालू असताना पाते हाताला लागू नये ही पहिली. काम संपल्यावर मूठ चकचकीत नव्हे, तर कोरडी आणि हातात बसणारी असावी ही दुसरी. गोंद काढायला वापरलेले तेल मुठीवर तसेच राहिले, तर आधीच्या चिकट्यापेक्षाही वाईट अवस्था होते.

आधी ओळख पटवा

बाटली उघडण्यापूर्वी मूठ कशाची आहे आणि तिच्यावर काय चिकटले आहे हे पाहून घ्यावे. या कामातली निम्मी नुकसाने हे न पाहिल्यामुळे होतात, असे माझे मत आहे.

लाकडी मूठ सागवान, शिसव, खैर किंवा साध्या जंगली लाकडाची असू शकते. लाकूड पाणी आणि तेल दोन्ही शोषते, त्यामुळे त्यावर कोणताही द्रव फार वेळ ठेवता येत नाही. जुन्या पद्धतीच्या सुऱ्या-कोयत्यांमध्ये पात्याचे मागचे टोक मुठीत लाख किंवा राळ ओतून पक्के केलेले असते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. लाख साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअस तापमानात मऊ पडते आणि स्पिरिट किंवा अल्कोहोलमध्ये विरघळते. अशी मूठ उकळत्या पाण्यात बुडवली किंवा सांध्यावर सॅनिटायझर जिरू दिला, तर गोंद निघता निघता पातेही ढिले होते. पाते जिथे मुठीत शिरते तिथे तपकिरी, काचेसारखा चकाकणारा थर दिसला, तर लाख आहे असे समजून चालावे आणि उष्णता व अल्कोहोल दोन्ही त्या भागापासून दूर ठेवावेत. लाखेचे पॉलिश केलेल्या मुठीलाही अल्कोहोल चालत नाही, कारण त्याने पॉलिशच उतरते.

प्लास्टिकच्या मुठी वरून सारख्या दिसल्या तरी आतून वेगळ्या असतात. बाजारातल्या स्वस्त सुऱ्यांच्या मेणचट स्पर्शाच्या मुठी बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्यांना अल्कोहोलचा त्रास होत नाही. कडक, चकचकीत मुठी एबीएस नावाच्या प्लास्टिकच्या असू शकतात. ॲसिटोन (पुष्कळशा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असणारा द्रव) लागताच त्या विरघळू लागतात. पारदर्शक मूठ असेल, तर ॲसिटोन तर नाहीच, पण अल्कोहोलनेही बारीक चिरा पडण्याचा संभव असतो. रबरासारखी मऊ मूठ तेल पिऊन फुगते, म्हणून तिच्यावर तेलाचा प्रयोग करू नये. शिंगाची मूठ उष्णतेने वाकते. पूर्ण स्टीलच्या मुठीवर जवळजवळ काहीही चालते.

कोकणच्या दमट हवेत आणखी एक प्रकार वारंवार दिसतो. मऊ, मखमली स्पर्शाचा थर दिलेल्या मुठी काही वर्षांनी आपोआप चिकट होतात. हा बाहेरून लागलेला गोंद नसतो. तो वरचा थरच आर्द्रता आणि उष्णतेने विघटित होत असतो. चिकटपणा साऱ्या मुठीवर सारखा असेल, कडा दिसत नसतील आणि घासल्यावर काळपट गोळ्या सुटत असतील, तर हाच प्रकार आहे असे ओळखावे. अशा ठिकाणी तेलाचा काही उपयोग होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या फडक्याने तो थर पूर्णच काढून टाकावा लागतो, आणि खालचे कडक प्लास्टिक उघडे पडले की मूठ पुन्हा वापरता येते.

पाते झाका, मगच मुठीला हात लावा

हा टप्पा कधीही गाळू नये. दोनच मिनिटांचे काम आहे म्हणून उघड्या पात्याची सुरी हातात धरून मूठ घासायला बसणे हे या कामातले सर्वांत मोठे संकट आहे, कारण घासताना जोर मुठीवर असतो आणि दुसरा हात आपोआप पात्याकडे सरकतो.

खोक्याचा जाड पुठ्ठा पात्याच्या लांबीपेक्षा दोन बोटे जास्त लांब कापावा आणि धारेवर किमान दोन पदर येतील असा पात्याभोवती गुंडाळावा. टोकाकडचा वाढीव भाग आत दुमडून त्यावर सुतळी बांधावी आणि मुठीच्या बाजूलाही सुतळीचे वेढे द्यावेत, म्हणजे पुठ्ठा सरकत नाही. कोयत्याचे पाते वाकडे असल्याने पुठ्ठा त्यावर नीट बसत नाही. तिथे गोणपाटाच्या चार-पाच घड्या गुंडाळून सुतळीने आवळाव्यात. या कामासाठी टेप वापरू नये, कारण ती पात्यावर आपला गोंद ठेवून जाते.

झाकलेली सुरी पाटावर किंवा टेबलावर ओले फडके घडी करून त्यावर आडवी ठेवावी. ओल्या फडक्यामुळे ती सरकत नाही. एका हाताने झाकलेले पाते वरून दाबून धरावे आणि दुसऱ्या हाताने मूठ घासावी. घासण्याची दिशा नेहमी पात्यापासून मुठीच्या शेवटाकडे असावी, उलट कधीच नसावी. हात तेलकट झाले की दर वेळी पुसून कोरडे करावेत. लहान मुले आजूबाजूला असतील, तर हे काम त्या वेळी करूच नये.

जागा पडवी किंवा अंगण अशी मोकळी असावी. चूल, गॅस, देवापुढचा दिवा आणि पेटती उदबत्ती यांच्याजवळ अल्कोहोलची बाटलीसुद्धा उघडू नये.

कोरडे काम आधी

बराचसा चिकटा कोणत्याही रसायनाशिवाय निघतो, आणि जितका असा निघेल तितका चांगला. टेप किंवा लेबल शिल्लक असेल, तर ते थंड असताना ओढू नये, कारण कागद किंवा प्लास्टिक वर येते आणि गोंद खाली राहतो. आधी थोडी ऊब द्यावी. हेअर ड्रायर असेल तर तो वीतभर अंतरावरून हलवत अर्धा मिनिट फिरवावा. नसेल, तर गरम पाण्यात बुडवून घट्ट पिळलेले फडके मुठीभोवती दोन-तीन मिनिटे गुंडाळावे. एप्रिल-मे महिन्यांत अंगणातल्या चिऱ्यावर दहा-पंधरा मिनिटे ऊन दाखवले तरी पुरते. मात्र लाकडी मूठ तासन्‌तास उन्हात टाकू नये, ती तडकते. मूठ हाताला सोसवेल इतकीच गरम व्हावी. चुलीच्या किंवा गॅसच्या ज्वाळेवर ती धरणे पूर्ण वर्ज्य आहे.

गोंद मऊ झाल्यावर टेपचे टोक उचलून ते मुठीला जवळजवळ समांतर, मागच्या मागे दुमडत सावकाश ओढावे. सरळ वर ओढल्यास गोंद खालीच राहतो. उरलेला गोंद अंगठ्याने एका दिशेने लोटला की त्याच्या वळ्या होतात. त्या टेपच्याच चिकट बाजूने टिपून घ्याव्यात. एवढे करूनही पातळ थर राहिला, तर त्यावर चिमूटभर तांदळाचे पीठ भुरभुरावे. पिठाने गोंदाचा वरचा चिकटपणा जातो आणि चोळल्यावर त्याच्या कोरड्या गोळ्या होऊन पडतात.

खरवडायला बांबूची कामटी किंवा जुने प्लास्टिकचे कार्ड वापरावे. दुसऱ्या सुरीच्या पात्याने किंवा ब्लेडने मूठ खरवडू नये. मुठीवर चरे पडतात ही त्यातली लहान गोष्ट आहे. हात घसरला तर होणारी जखम खरी भीतीची आहे. नारळाच्या सोडणाने लाकडी मूठ घासता येते, पण चकचकीत प्लास्टिकवर त्याचे ओरखडे उमटतात.

तेलाची पाळी

लेबलांचा आणि टेपचा गोंद बहुधा रबर व राळ यांच्या मिश्रणाचा किंवा ॲक्रिलिकचा असतो. रबराच्या गोंदात तेल शिरते, त्याला फुगवते आणि त्याची पकड सोडवते, म्हणून खोबरेल तेल येथे चांगले काम करते. ते साधारण २४ अंशांखाली थिजत असल्याने थंडीच्या सकाळी आधी कोमट करून घ्यावे.

आधी मुठीच्या टोकाला, सहज दिसणार नाही अशा ठिकाणी एक थेंब लावून पाच मिनिटांनी पांढऱ्या फडक्याने दाबून पाहावे. फडक्यावर मुठीचा रंग उतरला किंवा ती जागा मऊ, निस्तेज झाली, तर ते द्रव्य त्या मुठीसाठी नाही. हीच चाचणी पुढे येणाऱ्या प्रत्येक द्रवासाठी करावी.

तेलात भिजवलेला कापसाचा बोळा गोंदावर दहा मिनिटे ठेवावा, मग कामटीने हलक्या हाताने लोटावे आणि कोरड्या कागदाने पुसावे. एका खेपेत सगळे निघाले नाही, तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा तेल लावावे. हट्टी थरावर खाण्याचा सोडा आणि तेल यांची दाटसर लापशी करून गोल चोळावी. सोड्याचे कण पुरेसे मऊ असल्याने लाकडाला किंवा कडक प्लास्टिकला ते फारसे बोचत नाहीत. लाकडावर मात्र तेल पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये, कारण खोबरेल तेल सुकत नाही. ते आत मुरून राहते आणि मूठ कायमची ओशट होते.

निलगिरी तेल खोबरेलपेक्षा लवकर काम करते. पण त्याचे थोडे थेंबच वापरावेत, कारण ते पोटात गेल्यास, विशेषतः मुलांच्या, विषारी ठरते. ठिसूळ, स्वस्त प्लास्टिकवरही ते चालत नाही.

एका तेलाबद्दल स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. होड्यांच्या लाकडाला लावण्याच्या सवयीमुळे काजूच्या टरफलाचे तेल किनारपट्टीच्या अनेक घरांत असते. ते त्वचा भाजते आणि फोड आणते. मुठीच्या साफसफाईसाठी किंवा नंतर तिला लावण्यासाठी ते कधीही घेऊ नये.

अल्कोहोल, आणि त्यापुढे काय नको

ॲक्रिलिकच्या गोंदावर तेल विशेष चालत नाही. त्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लागते. औषधाच्या दुकानात ते मिळते. पातळ, पाण्यासारखा सॅनिटायझर असेल तर तोही चालतो, पण जेलसारखा नको, कारण त्यात मिसळलेले घटक मुठीवर आपलाच चिकट थर सोडतात. फडके थोडे भिजवून एकेका पट्ट्यावर अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग पुसावे. लाखेचा सांधा असेल, तर मुठीचा तो शेवटचा बोटभर भाग सोडून द्यावा. आयसोप्रोपिलची वाफ १२ अंशांपासूनच ठिणगीने पेटू शकते, म्हणजे कोकणात ती बारमाही पेटण्याजोगी असते. मोकळ्या जागेचा आणि विस्तवापासून दूर राहण्याचा आग्रह त्यासाठीच आहे.

बंदरावरच्या वस्त्यांत रॉकेल आणि पेट्रोल सहज हाताशी असतात, म्हणून त्यांच्याविषयी लिहिणे भाग आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेते, ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या विस्तवापर्यंत पोहोचते. मुठीवरच्या बोटभर गोंदासाठी पेट्रोल वापरण्याचे काहीही समर्थन होऊ शकत नाही. रॉकेल त्या मानाने सौम्य असले तरी त्याची वाफ ३५ ते ४० अंशांना पेटण्याजोगी होते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यातले उन्हातले अंगण त्याहून सहज तापते. शिवाय त्याचा वास लाकडात मुरतो आणि पुढे तीच सुरी बांगडा कापायला घ्यायची असते. रंगाचा थिनरही याच कारणाने बाजूला ठेवावा.

हट्टी प्रकार

फेव्हिक्विकसारखा झटपट गोंद कडक झाल्यावर तेलाला दाद देत नाही. त्याला ॲसिटोन मऊ करते, आणि ॲसिटोन पुष्कळशा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये असते. ते फक्त स्टील, पितळ किंवा पॉलिश नसलेल्या लाकडावर, कापसाच्या काडीने, नेमक्या थेंबावर लावावे. प्लास्टिकच्या मुठीवर ते न लावता कोमट साबणाच्या पाण्यात भिजवलेले फडके वारंवार ठेवून थेंबाच्या कडा सुटतात का ते पाहावे. हा गोंद ओला असताना सुती फडक्याने पुसू नये. सुतावर तो वेगाने घट्ट होतो आणि त्या वेळी एवढी उष्णता निघते की हात भाजू शकतो.

ॲराल्डाइट किंवा एम-सीलसारखा इपॉक्सी एकदा पक्का झाला की घरातल्या कोणत्याही द्रवात तो विरघळत नाही. ऊब दिल्यावर तो किंचित मऊ होतो, तेवढ्यात कामटीने कड उचलता आली तर ठीक. नाही तर बारीक पॉलिश पेपरने तो समतल करून तसाच ठेवावा. घासताना तोंडाला मास्क बांधावा आणि धूळ ओल्या फडक्याने टिपावी. मुठीला धरून ठेवणारा इपॉक्सी पूर्ण उकरून काढण्याचा हट्ट धरला, तर मूठच सुटेल.

पांढरा फेव्हिकॉल सर्वांत सोपा आहे. कोमट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके काही वेळ ठेवले की तो दुधाळ होऊन फुगतो आणि निघतो.

फणसाचा चीक हा आपल्या भागातला खास प्रकार आहे. काठीवर गुंडाळून ठेवलेला हा चीक तापवून गळक्या बादलीची भोके बुजवायला वापरत असत, यावरून त्याची पकड किती पक्की असते हे लक्षात येते. त्यात राळेसारखा भाग मोठा असल्याने साबणपाण्याने तो सुटत नाही, उलट पसरतो. ताजा असताना खोबरेल लावून जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेणे हा घराघरातला उपाय योग्यच आहे. वाळून तपकिरी झालेल्या चिकाला आधी गरम फडक्याने ऊब द्यावी, मग तेल लावून दहा मिनिटांनी कामटीने लोटावे. फणस कापण्यापूर्वी पात्याला आणि हातांना तेल लावण्याची रीत चांगली आहे, पण ते तेल मुठीवर आणि मूठ धरणाऱ्या तळव्यावर येऊ देऊ नये. तेलकट हाताने मोठा सुरा फणसात दाबताना होणारे अपघात टाळायचे असतील, तर मुठीभोवती कोरडे फडके घट्ट गुंडाळावे आणि ते ओशट झाले की बदलावे.

धुणे, वाळवणे, पकड तपासणे

गोंद निघाल्यावर मूठ भांडी घासायच्या साबणाने दोनदा धुवावी. पहिल्या धुण्यात तेल निघते आणि दुसऱ्यात वास व उरलेला अंश. ही सुरी अन्नाला लागणार आहे, म्हणून दुसरे धुणे टाळू नये. लाकडी मूठ पाण्यात बुडवून ठेवू नये. साबणाच्या फडक्याने पुसून लगेच स्वच्छ पाण्याच्या फडक्याने पुसावी. पुठ्ठा ओला झाला असेल, तर तो जपून काढावा, कारण ओला पुठ्ठा धारेवर चटकन कापला जातो. पातेही पुसून घ्यावे. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत साध्या लोखंडी पात्यावर एका रात्रीत तांबेरा चढतो, विशेषतः मूठ आणि पाते यांच्या सांध्यात. तिथले पाणी फडक्याच्या टोकाने टिपून पात्याला तेलाचा पुसट हात द्यावा.

लाकडी मूठ सावलीत, वाऱ्यावर वाळू द्यावी. पावसाळ्यात यासाठी दोन दिवसही लागतात. वाळल्यावर तिचे तंतू उभे राहिले असतील, तर २२० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने तंतूंच्या दिशेने हात फिरवावा. हे करतानाही पाते झाकलेले हवे. लाकडाला काही लावायचे असेल, तर जवसाचे तेल अगदी पातळ लावून जास्तीचे पुसून टाकावे. ते हवेत हळूहळू सुकून घट्ट होते. मात्र दमट दिवसांत त्याला बराच वेळ द्यावा लागतो आणि तोवर सुरी वापरायची नाही.

शेवटी मूठ कोरड्या हातात आणि मग ओल्या हातात धरून, झाकलेल्या पात्यासहच, वळवून पाहावी. ओल्या हातात ती फिरत असेल, तर तेल अजून राहिले आहे. पुन्हा साबणाने धुवावे. पाते मुठीत हलत असेल, तर ती सुरी दुरुस्त होईपर्यंत बाजूला ठेवावी.

फडकी आणि उरलेले द्रव

जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेल्या फडक्यात ती साठून आग लागू शकते. ती फडकी अंगणात एकपदरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मगच टाकावीत. अल्कोहोल आणि ॲसिटोनचे बोळे बाहेर पूर्ण वाळू द्यावेत. उरलेला द्रव विहिरीच्या काठाशी, पऱ्यात किंवा माडाच्या आळ्यात ओतू नये. झाकण घट्ट लावून बाटली मुलांच्या हातापासून दूर ठेवावी.

नव्या सुरीचे लेबल आणल्या दिवशीच काढावे, कारण गोंद जितका जुना होतो तितका तो कडक आणि हट्टी होतो. पकड वाढवायची असेल, तर टेपऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा मुठीवर ताणून चढवावा. त्याला गोंद लागत नाही आणि मासळीचे काम झाले की तो उतरवून, आतून-बाहेरून धुऊन, वाळवून पुन्हा चढवता येतो.